चौकटीत बसणारा ओंडका

सकाळी दहाच्या सुमारास नागपूरच्या लकडगंजातल्या एखाद्या वखारीत जाऊन उभं राहावं. आरा नुकताच सुरू झालेला असतो, ताज्या चिरलेल्या सागाचा वास रस्त्यापर्यंत आलेला असतो. तेवढ्यात एक सुतार येतो आणि सांगतो, "भाऊ, नऊ फुटांच्या खालचा नको, सोळापर्यंत चालेल. गोलाई पंचेचाळीस इंच तरी पाहिजे." वखारीतला जुना मुनीम वही उघडत नाही. मान वर करून तो आवाराच्या एका कोपऱ्याकडे बोट दाखवतो. तिथल्या दोन थप्प्या सोडून बाकीचा सगळा माल त्याने मनातल्या मनात बाजूला सारलेला असतो, आणि त्यासाठी एकाही ओंडक्याला टेप लावावी लागलेली नसते.

मुनिमाचं हे कसब संगणकाला शिकवायचं, हाच संगणकीय भूमितीतला 'रेंज सर्चिंग'चा प्रश्न. अभियांत्रिकीच्या मुलांना तो के-डी ट्री, रेंज ट्री अशा नावांनी भेटतो, परीक्षेपुरता पाठ होतो आणि निकालानंतर विसरला जातो. मला त्याचं वाईट वाटतं, कारण सेंट्रल अ‍ॅव्हेन्यूवरून जाता-येता हा विषय आपल्या डोळ्यांसमोर थप्प्या लावून पडलेला असतो. हा लेख त्या मुलांसाठी आहे, आणि वखारीच्या मालाची नोंद संगणकावर आणू पाहणाऱ्या घरच्या पुढच्या पिढीसाठीही.

आधी चित्र डोळ्यांसमोर आणा. आलेख कागदावर आडवी रेघ लांबीची, उभी गोलाईची. प्रत्येक ओंडका म्हणजे त्या कागदावरचा एक ठिपका. सुताराची मागणी म्हणजे कागदावर आखलेली एक चौकट: डावी कड ९ फुटांवर, उजवी १६ वर, खालची ४५ इंचांवर. या चौकटीत कोणते ठिपके पडतात, एवढंच शोधायचं. सगळे ठिपके एकेक करून तपासले तरी उत्तर बरोबरच येईल. पण मागण्या दिवसभर येत राहतात आणि ठिपके तेच असतात. म्हणून ठिपक्यांची मांडणी एकदाच अशी करून ठेवायची की प्रत्येक मागणीला थोडेच तपासावे लागतील.

इथे घाई करू नका. कोणती रचना वापरायची हे ठरवण्याआधी मागण्या कशा येतात ते बघा. आठवडाभर वखारीत बसून मागण्या कानावर आल्या तशा लिहून काढा आणि प्रत्येक चौकटीला खरोखर किती कडा आहेत ते मोजा. आपल्या सुताराच्या चौकटीला तीनच आहेत, वरची कड नाही. गोलाई जास्त असली तर त्याला हवीच आहे. 'किमान इतकी लांबी, किमान इतकी गोलाई' अशी मागणी असेल तर कडा दोनच. चारही कडांची बंद चौकट वखारीत क्वचितच मागितली जाते. हा फरक फार कामाचा आहे. तीन कडांच्या प्रश्नासाठी एडवर्ड मॅकक्राइट यांनी १९८५ साली 'प्रायॉरिटी सर्च ट्री' मांडली. तिला जागा ठिपक्यांइतकीच लागते आणि उत्तर जवळजवळ लगेच मिळतं. कल्पनाही साधी आहे: सगळ्यांत जाड ओंडका मुळाशी ठेवा, उरलेले लांबीनुसार दोन निम्म्यांत वाटा, प्रत्येक निम्म्यात पुन्हा तेच करा. शोधताना एखाद्या फांदीच्या सुरुवातीलाच ४५ इंचांपेक्षा बारीक ओंडका दिसला, तर तिच्या खाली पाहायची गरजच नाही, कारण खालचा एकही त्याहून जाड असू शकत नाही. चार कडा गृहीत धरून जड रचना बांधणारा ही सोय हातची घालवतो.

आता एक उदाहरण कागद-पेन्सिल घेऊन माझ्याबरोबर सोडवा. आठ ओंडके घेऊ. पहिला आकडा लांबीचा, फुटांत. दुसरा मध्यावरच्या गोलाईचा, इंचांत. १ नंबर: ७ आणि ३६. २ नंबर: ८ आणि ५४. ३ नंबर: ९ आणि ४२. ४ नंबर: १० आणि ४८. ५ नंबर: ११ आणि ३३. ६ नंबर: १२ आणि ६०. ७ नंबर: १४ आणि ४०. ८ नंबर: १६ आणि ५१.

वहीत ते लांबीच्या क्रमाने लावलेत. सुताराची मागणी घेऊन वहीत शिरलं, तर ९ ते १६ फुटांत ३ नंबरपासून ८ नंबरपर्यंत सहा ओंडके येतात आणि सहाही गोलाईसाठी तपासावे लागतात. एकाच मापाच्या क्रमाने लावलेल्या वहीची ही मर्यादा आहे. दुसरं माप तिला दिसतच नाही.

जॉन बेंटली यांनी १९७५ साली सुचवलेली के-डी ट्री दोन्ही मापांना आळीपाळीने वापरते. आधी लांबीने दोन सारखे भाग करा: डावीकडे १ ते ४, उजवीकडे ५ ते ८. मग प्रत्येक भाग गोलाईने निम्मा करा. डावीकडच्या बारीक जोडीत १ आणि ३, जाड जोडीत २ आणि ४. उजवीकडच्या बारीक जोडीत ५ आणि ७, जाड जोडीत ६ आणि ८. प्रत्येक जोडीसोबत तिची चौकट लिहून ठेवा, म्हणजे सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त लांबी, तसंच गोलाई.

आता मागणी घेऊन वरून खाली या. १ आणि ३ च्या जोडीत गोलाई ४२ च्या वर जातच नाही, म्हणून जोडीच्या जोडी बाहेर. ५ आणि ७ ची गोलाई जास्तीत जास्त ४०, तीही बाहेर. ६ आणि ८ च्या जोडीची लांबी १२ ते १६, गोलाई ५१ ते ६०. मागणीच्या चौकटीत ती पूर्णच बसते, म्हणून दोन्ही ओंडके न तपासता उत्तरात. उरली २ आणि ४ ची जोडी, जी चौकटीच्या कडेवर येते. ती फोडायची: २ नंबर ८ फुटी म्हणून गेला, ४ नंबर टिकला. उत्तर ४, ६, ८. टेप लागली ती या एका जोडीलाच.

या उदाहरणातल्या तीन हालचाली नीट ध्यानात ठेवा: पूर्ण बाहेर, पूर्ण आत, कडेवर. चौकटीत शोधण्याची बहुतेक प्रत्येक रचना याच तीन हालचालींवर चालते. वेळ फक्त तिसरीत जातो. मुनीम कोपऱ्याकडे बोट दाखवतो तेव्हा त्याने पहिल्या दोन आधीच उरकलेल्या असतात.

एकूण ओंडके n असतील तर दोन मापांत के-डी ट्रीला लागणारा वेळ साधारण n च्या वर्गमुळाइतका, अधिक जितके ओंडके उत्तरात निघतील तितका. रेंज ट्री वेगळ्या वाटेने जाते. लांबीचं झाड बांधायचं आणि त्याच्या प्रत्येक गाठीवर तिच्याखालच्या सगळ्या ओंडक्यांची गोलाईच्या क्रमाने वेगळी यादी ठेवायची. मग वेळ लॉग n च्या वर्गाइतका लागतो. पुस्तकात हे वाचून मुलं लगेच ठरवतात की रेंज ट्रीच बरी. पण आकडे घालून बघा. १ लाख ओंडक्यांना वर्गमूळ सुमारे ३१६, आणि २ च्या पायाचा लॉग सुमारे १७, त्याचा वर्ग २८९. फरक नावालाच उरला! १० लाखांना हेच आकडे १,००० आणि ४००. शिवाय रेंज ट्रीत प्रत्येक ओंडक्याची नोंद सुमारे लॉग n ठिकाणी होते, म्हणजे १ लाख ओंडक्यांच्या १७ लाखांच्या आसपास नोंदी. शाझेल आणि गिबास यांनी १९८६ साली 'फ्रॅक्शनल कॅस्केडिंग' नावाने मांडलेल्या युक्तीने लॉगचा एक घात कमी होतो आणि तेव्हा रेंज ट्री खरोखर पुढे जाते, पण तिचा कोड लिहायलाही तितकाच वेळ जातो. या आकड्यांमागे स्थिरांकही लपलेले असतात. म्हणून माझा सल्ला असा: दोन मापं आणि काही लाखांपर्यंतचा माल असेल तर के-डी ट्रीवर थांबा. आणि आवारात पाच-सहाशेच नग असतील तर झाडाच्या नादी लागूच नका. साध्या तक्त्यात फिल्टर लावा, उत्तर डोळ्याची पापणी लवायच्या आत येतं. मी स्वतः एकदा सहाशे नगांसाठी आठवडाभर झाड बांधत बसलो होतो. तो आठवडा मापांच्या नोंदी तपासण्यात घातला असता तर त्या वखारीचा जास्त फायदा झाला असता.

मापांची नोंद हाच खरा दुखरा भाग आहे. वन आगाराच्या यादीत लांबी मीटरमध्ये आणि गोलाई सेंटिमीटरमध्ये येते, तर बाजार बोलतो फूट आणि इंचांत. १० फूट म्हणजे ३.०५ मीटर, ४८ इंच म्हणजे जवळपास १२२ सेंटिमीटर. एकाच रकान्यात दोन्ही एककं मिसळली तर कितीही हुशार रचना चुकीचंच उत्तर देईल, आणि तेही झटकन. आत घेताना सगळं एका एककात बदला, मूळ आकडा शेजारच्या रकान्यात जपून ठेवा.

आगाराचा विषय निघाला आहे तर तिथली पद्धतही पाहून घ्या. बल्लारशाच्या आगारातून २०२३ साली अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी सागवान गेलं, हे अनेकांना आठवत असेल. आगारात ओंडके लांबी आणि गोलाईच्या वर्गांनुसार वेगवेगळ्या थप्प्यांत लावतात आणि लॉट पाडून लिलाव करतात. भूमितीच्या भाषेत ही सरळ जाळी झाली, प्रत्येक थप्पी तिचं एक घर. जाळी समजायला सोपी आणि बांधायला स्वस्त. पण सागाच्या मालात बारीक नग भरपूर आणि जाड थोडे, म्हणून जाळीच्या एका कोपऱ्यात गर्दी होते आणि दुसरीकडे घरं रिकामी राहतात. के-डी ट्री नगांच्या संख्येने निम्मं करत जाते, त्यामुळे गर्दी आपोआप वाटली जाते. जाळीचा उपयोग मात्र एका ठिकाणी फार होतो. मालकाला नगांची यादी नको असते. त्याला विचारायचं असतं, 'या मापात एकूण किती घनफूट आहे?' अशा वेळी प्रत्येक घरात फक्त त्या घराची बेरीज ठेवू नका. खालच्या डाव्या कोपऱ्यापासून तिथपर्यंतची सगळी बेरीज ठेवा. मग घरांच्या रेषांवर बसणारी कोणतीही चौकट चार आकड्यांत निघते: वरच्या उजव्या कोपऱ्याची बेरीज घ्या, डावीकडच्या पट्ट्याची आणि खालच्या पट्ट्याची वजा करा, आणि दोनदा वजा झालेला कोपरा परत मिळवा. फ्रँक क्रो यांनी १९८४ साली संगणकीय चित्रांसाठी हीच कल्पना वापरली. पण ध्यानात ठेवा, वजाबाकी बेरजेलाच चालते. 'या मापातला सर्वांत जाड ओंडका कोणता?' याचं उत्तर अशा तक्त्यातून निघणार नाही. त्यासाठी झाडाच्या प्रत्येक गाठीवर सर्वांत मोठी गोलाई लिहून ठेवावी लागते.

आता या विषयातला मला सर्वांत आवडणारा भाग. सगळ्या मागण्या चौकटीच्या नसतात. एखादं गिऱ्हाईक म्हणतं, "दहा घनफुटांच्या खालचा नग दाखवू नका." घनफूट काढायची पद्धत जुनी आहे: गोलाईला ४ ने भागा, त्याचा वर्ग करा, लांबीने गुणा, आणि इंच-फुटांचा मेळ बसवायला १४४ ने भागा. ४ नंबरचा ओंडका घ्या. ४८ चा चौथा भाग १२, वर्ग १४४, १४४ ने भागून १, गुणिले १० फूट, म्हणजे बरोबर १० घनफूट. आता २ आणि ७ नंबर शेजारी ठेवा. २ नंबर ८ फुटीच आहे, पण जाड असल्याने १०.१ घनफूट भरतो. ७ नंबर १४ फुटी असूनही ९.७ वरच थांबतो. या दोघांना वेगळं करणारी रेघ कागदावर सरळ येत नाही, ती वाकडी आहे, आणि कोणतीही चौकट ती पकडू शकत नाही.

इथे दोन वाटा आहेत. पहिली अशी: ठिपके मांडण्याआधी दोन्ही मापांचे लॉगरिदम घ्या. गुणाकाराची बेरीज होते, वर्गाची दुप्पट होते आणि वाकडी रेघ एकदम सरळ होते. लांबीचा लॉग अधिक गोलाईच्या लॉगची दुप्पट एका ठरावीक आकड्याहून मोठी, एवढीच अट उरते. हा 'अर्ध्या प्रतलाचा' शोध झाला. त्यासाठी शाझेल, गिबास आणि ली यांची १९८५ सालची रचना आहे. सगळ्या ठिपक्यांभोवती दोरी ताणून बाहेरचा थर काढायचा, मग उरलेल्यांचा पुढचा, असे कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थर जमवायचे. एखाद्या थरातला एकही ठिपका अटीत बसला नाही, तर आतल्या थरांत कोणी असणं शक्यच नाही.

दुसरी वाट वखारीतल्या कामाला जास्त सोयीची. लांबी वाढली की घनफूट वाढतं, गोलाई वाढली तरीही वाढतं. म्हणून के-डी ट्रीतल्या प्रत्येक जोडीच्या चौकटीचे फक्त दोन कोपरे तपासले तरी पुरतं. सर्वांत लहान कोपरा अटीत बसला तर सगळी जोडी आत, सर्वांत मोठा कोपराही बसला नाही तर सगळी बाहेर. १० घनफुटांची अट म्हणजे लांबी गुणिले गोलाईचा वर्ग २३,०४० किंवा जास्त. ६ आणि ८ चा लहान कोपरा १२ आणि ५१, गुणाकार ३१,२१२, म्हणून जोडी आत. १ आणि ३ चा मोठा कोपरा ९ आणि ४२, गुणाकार १५,८७६, जोडी बाहेर. ५ आणि ७ चा मोठा कोपरा १४ आणि ४०, गुणाकार २२,४००, थोडक्यात हुकली, बाहेरच. २ आणि ४ फोडून बघितले, दोघंही बसले. तेच झाड, त्याच जोड्या, फक्त प्रश्न विचारायची पद्धत बदलली.

माल येत-जात राहतो, त्याचंही गणित करा. विकलेला नग झाडातून उपटू नका. त्यावर 'गेला' अशी खूण करा आणि निम्मा माल गेला की झाड नव्याने बांधा. नवा माल येतो त्यासाठी बेंटली आणि जेम्स सॅक्स यांची १९८० सालची पद्धत आहे: १, २, ४, ८ अशा दुप्पट होत जाणाऱ्या आकारांची वेगवेगळी झाडं ठेवायची आणि नवा नग आला की बेरजेत हातचा घेतात तशी भरलेली छोटी झाडं एकत्र करून पुढचं बांधायचं. शोधताना सगळ्या झाडांत विचारायचं आणि उत्तरं एकत्र करायची. लहान वखारीला मात्र रात्री दुकान बंद झाल्यावर झाड नव्याने बांधणं पुरतं.

हीच भूमिती आवाराच्या भिंतीबाहेरही लागते. लकडगंजात लाकूड आहे, त्यामुळे आगीची काळजी आहे, आणि याच भागात अग्निशमन केंद्रही आहे. 'टेलिफोन एक्सचेंज चौकापासून ५०० मीटरच्या आत किती आरा मशिनी?' हा वर्तुळातला शोध. नकाशाचे डेटाबेस तो दोन टप्प्यांत करतात. आधी वर्तुळाभोवतीच्या चौरसात काय येतं ते अँटोनिन गुटमन यांनी १९८४ साली मांडलेल्या आर-ट्रीसारख्या रचनेतून काढायचं, मग त्यांचं खरं अंतर मोजायचं. ठिकाणं सारखी पसरलेली असतील तर चौरसातली सुमारे ७८.५ टक्के वर्तुळात टिकतात. गंमत म्हणजे गोलाईच्या चौथ्या भागाची पद्धतही गोल ओंडक्याचं सुमारे ७८.५ टक्केच माप धरते. दोन्हीकडे π भागिले ४ हाच आकडा आहे. चौरस आखताना नागपूरचा अक्षांश विसरू नका. २१.१५ अंशांच्या आसपास रेखांशाचा एक अंश सुमारे १०४ किलोमीटर भरतो, अक्षांशाचा सुमारे १११. म्हणून ५०० मीटरसाठी उत्तर-दक्षिण ०.००४६ अंश पुरतील, पण पूर्व-पश्चिम ०.००४९ लागतील. दोन्हीकडे तोच आकडा घातला तर कडेची काही ठिकाणं गळतील. पोस्टजीआयएस या नकाशाच्या डेटाबेसमध्ये रेखांश आधी आणि अक्षांश नंतर लिहायचा असतो. उलटं लिहिलं की ठिपका नागपूर सोडून पार उत्तर ध्रुवाकडे जातो.

कोड लिहायला बसाल तेव्हा सर्वांत जास्त त्रास सारख्या मापांचा होईल. ओंडक्यांची लांबी ठरावीक टप्प्यांनी नोंदवली जाते, म्हणून १० फुटी नग एकाच रेषेवर ढिगाने येतात आणि निम्म्याची रेघ नेमकी त्यांच्यावर पडते. डी बर्ग आणि सहकाऱ्यांच्या संगणकीय भूमितीच्या पुस्तकात, पाचव्या प्रकरणात, यावर नेटकं उत्तर आहे: तुलना फक्त लांबीने करू नका, लांबी सारखी असेल तर गोलाईने करा. मी त्यात नगाचा नंबरही जोडतो, म्हणजे दोन ओंडके कधीच 'सारखे' ठरत नाहीत. '९ फुटांपासून' म्हणजे ९ फूट धरून की वगळून, हे सुताराला विचारून घ्या. वखारीत ते धरूनच असतं.

शेवटी, झाडाशेजारी एकेक ओंडका तपासणारा दहा ओळींचा साधा कोडही ठेवा. दोघांना हजारभर वेगवेगळ्या मागण्या द्या, मुद्दाम काही कडा नगांच्या मापांवरच बसवा, आणि दोन्ही याद्या नंबरनिशी जुळतात का बघा. एखादी यादी जुळली नाही तर ती मागणी आणि ते ओंडके कागदावर आखा. चूक कुठल्या जोडीत शिरली आहे ते आलेखावर दिसतं.